डिलिव्हरीला लाफिंग गॅस घ्यावा का? माझं बी१२ कमी आहे (मुंबई)

मुलुंड_३४वा_आठवडा

नमस्कार सगळ्यांना. माझं पहिलंच बाळंतपण आहे, ३४वा आठवडा चालू आहे, मुलुंडला राहते. परवा हॉस्पिटलमध्ये नाव घालायला गेलो तेव्हा सिस्टरांनी लेबर रूम दाखवली, तिथे भिंतीपाशी एक निळा सिलिंडर आणि त्याला नळी आणि मास्क. त्या म्हणाल्या कळ आली की हे तोंडाला लावायचं आणि ओढायचं, लाफिंग गॅस आहे, बऱ्याच जणींना बरं वाटतं. एपिड्युरल (पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचं दुखणं घालवतात ते) पण मिळतं पण रात्रीचं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घरून बोलवावं लागतं, पाऊण एक तास तरी धरून चाला असं सांगितलं. तोपर्यंत गॅस.

मला दुखण्याची भीती आहे हे खरंच सांगते, मासिक पाळीतच मी अर्धमेली होते. त्यामुळे गॅस आहे म्हटल्यावर जरा धीर आला. पण घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या गुंगीत गेलीस आणि बाळाला काही झालं तर, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्या काळजीनेच बोलतात, वाईट हेतू नाही. नवरा म्हणतो तू दमलीस तर मी मास्क धरून ठेवीन.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी माझं बी१२ १४८ आलं होतं, रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात लो. तेव्हा इंजेक्शनं घेतली, मग बरं वाटलं आणि बंद केलं. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि मला दूध सोसत नाही. काल कुठेतरी एक ओळ वाचली की या गॅसचा आणि बी१२चा काहीतरी संबंध आहे आणि रात्रभर झोप नाही लागली.

तर कोणी घेतलाय का? खरंच दुखणं थांबतं का, बाळाला जातो का, आपण बेशुद्ध होतो का, आणि बी१२चं मी कोणाला आणि काय विचारू? प्लीज सविस्तर सांगा.

डोंबिवलीची_आई

ताई, मी घेतलाय, तीन वर्षांपूर्वी, मुलीच्या वेळी. जसं झालं तसं सांगते.

दुखणं थांबत नाही. हे आधी मनात पक्कं करून जा नाहीतर माझ्यासारखा तिथे गेल्यावर राग येईल. कळ तेवढीच येते, पण ती कुठेतरी लांब, शेजारच्या खोलीत चाललीये असं वाटतं. मी बेशुद्ध वगैरे अजिबात नव्हते, सगळं ऐकू येत होतं, डॉक्टर काय बोलतात ते कळत होतं, फक्त ओठ आणि बोटं जड झाली होती आणि डोकं गरगरत होतं. दोन वेळा उलटीसारखं झालं, एकदा झालीच. मास्क बाजूला केला की दोन चार श्वासात परत जागेवर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग, जे मला पहिला तासभर कोणी नीट सांगितलंच नाही. मी कळ जोरात आली की मग ओढायला लागायचे, तेव्हा कळ संपत आलेली असायची आणि गॅस नंतर चढायचा, म्हणजे दुखायचं पूर्ण आणि गरगरायचं रिकाम्या वेळात. मग शिफ्ट बदलली आणि एक वयस्कर सिस्टर आल्या, त्या पोटावर हात ठेवून बसल्या आणि पोट कडक व्हायला लागलं की लगेच म्हणायच्या, बाळा आता घे, खोल आणि सावकाश. तिथून फरक पडला. त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं माझं, अजून आठवण येते.

गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडेपर्यंत मी त्यावर काढलं. पुढे झेपेना मग एपिड्युरल घेतलं आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटला नाही. बी१२चं मला माहीत नाही, इथे डॉक्टर असतील तर बोलतीलच.

परळची_भूलतज्ज्ञ

मी भूलतज्ज्ञ आहे, लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत. तुमचा प्रश्न वाचला आणि बरं वाटलं की बी१२चं तुम्ही आधीच काढलंत, कारण बहुतेक वेळा ते आम्हाला कोणी सांगत नाही आणि घाईत आम्हीही विचारत नाही.

आधी गॅस काय आहे ते. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, पण सिलिंडरमध्ये नुसता तो नसतो, अर्धा नायट्रस आणि अर्धा ऑक्सिजन असं मिश्रण असतं, एन्टोनॉक्स म्हणतात. आपण रोज जी हवा घेतो तिच्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो, इथे ५० टक्के, म्हणजे तुम्हाला आणि बाळाला ऑक्सिजन कमी पडेल ही भीती मिश्रण नीट असेल तर नको. काही ठिकाणी तयार मिश्रणाचा सिलिंडर असतो, काही ठिकाणी दोन वेगळे गॅस ब्लेंडरमध्ये मिसळतात. तुमच्याकडे कुठलं आहे ते विचारून घ्या.

आता बेशुद्ध होण्याचं. हा गॅस भूल म्हणून फार कमजोर आहे. आम्ही भुलीच्या औषधाची ताकद एका मापाने मोजतो, निम्मे पेशंट चीर दिल्यावर हलणार नाहीत त्यासाठी हवेत किती टक्के औषध लागेल ते माप. नायट्रसचं उत्तर येतं साधारण १०४ टक्के. शंभराच्या वर टक्के देता येत नाहीत, म्हणजे एकट्या नायट्रसवर ऑपरेशनची खात्रीची भूल होतच नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये तो दुसऱ्या औषधांच्या जोडीला असतो, एकटा नाही. १८४४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाच्या डेंटिस्टने गॅसच्या तमाशाच्या कार्यक्रमात पाहिलं की एका माणसाचा पाय चांगलाच सोलवटला तरी त्याला पत्ता नाही, दुसऱ्या दिवशी त्याने हाच गॅस घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. मग १८४५च्या जानेवारीत बॉस्टनला सगळ्यांसमोर करून दाखवायला गेला आणि पेशंट ओरडला, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं. दुखणं कमी करणारा गॅस त्याला बरोबर सापडला होता, पण त्याच्याकडून पूर्ण भुलीची अपेक्षा होती. आणि ऑक्सिजन मिसळायची कल्पना तर त्याच्यानंतर, १८६८मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी मांडली, तोवर शुद्ध गॅस द्यायचे आणि पेशंट निळे पडायचे.

हा कमजोरपणाच लेबरमध्ये उपयोगी पडतो. तो कमजोर आहे म्हणूनच आम्ही तो तुमच्या हातात देऊ शकतो. रक्तात फार कमी विरघळतो, त्यामुळे पटकन चढतो आणि पटकन उतरतो, शरीरात जवळजवळ मोडतच नाही, आला तसा फुफ्फुसातून बाहेर जातो. बाळापर्यंत वारेतून पोचतो हे खरं, पण बाळ रडून श्वास घ्यायला लागलं की त्याच्याही फुफ्फुसातून तसाच निघून जातो. दुखणं कमी करायच्या पेथिडिनसारख्या इंजेक्शनाने बाळ सुस्त जन्मू शकतं, या गॅसने तसं होत नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा.

डोंबिवलीच्या ताईंनी टायमिंगचं अगदी बरोबर लिहिलंय. असर पूर्ण यायला पाऊण ते एक मिनिट लागतं आणि कळही साधारण मिनिटभराचीच. म्हणून पोट ताणायला लागल्याची पहिली चाहूल लागली की सुरू करायचं, कळ ओसरली की मास्क खाली आणि साधा श्वास.

आणि आता नवऱ्याचं. मास्क तुम्हीच धरायचा. नवऱ्याने नाही, आईने नाही, सिस्टरने पण नाही, पट्टा बांधून तर मुळीच नाही. मशीनला डिमांड व्हॉल्व्ह असतो, तुम्ही ओढलंत तरच गॅस येतो. जास्त झाला तर गुंगी येते, हात सैल पडतो, मास्क गळून पडतो आणि तुम्ही आपोआप साधी हवा घेऊ लागता. सगळी सुरक्षितता त्या गळून पडणाऱ्या हातात आहे. दुसऱ्याने प्रेमाने का होईना मास्क दाबून धरला की ती गेली. मी एका बिचाऱ्या नवऱ्याला यावरून लेबर रूममध्ये मोठ्याने बोलले आहे आणि नंतर बाहेर जाऊन त्याला नीट समजावलं, कारण तो मदतच करत होता. तुमच्या मिस्टरांना दुसरं काम द्या, पाठ चोळायला सांगा, पाणी द्यायला सांगा.

बी१२. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी१२ निकामी करतो. त्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट असतो, त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि मेथिओनीन सिंथेस नावाचं एन्झाइम बंद पडतं. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला ते लागतं. ज्याच्याकडे साठा भरपूर आहे त्याला काही तासांच्या गॅसने काही होत नाही, शरीर काही दिवसांत एन्झाइम पुन्हा तयार करतं. ज्याचा साठा आधीच तळाला गेलाय त्याला मात्र पायात मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असा मज्जारज्जूचा त्रास होऊ शकतो, आणि तो लगेच नाही, कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो, तोवर गॅसची आठवणही कोणाला नसते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की परदेशी पुस्तकात जी एक ओळीची सूचना असते ती आपल्याकडे पहिल्या पानावर हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही या आठवड्यातच बी१२ तपासा. आणि सांगा, पायात मुंग्या येतात का? शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे का? ॲसिडिटीच्या गोळ्या खूप दिवस घेतल्यात का?

मुलुंड_३४वा_आठवडा

डॉक्टर, इतकं वेळ काढून लिहिलंत, मनापासून थँक्यू. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला आणि म्हणाला बरं झालं कळलं.

मेटफॉर्मिन पाचव्या महिन्यापासून चालू आहे, शुगर निघाली तेव्हापासून. पायात मुंग्या संध्याकाळी येतात, दोन्ही तळव्यांना, मी समजत होते की सूज आहे म्हणून असेल, लोकलमध्ये उभं राहून येते म्हणून असेल. हिमोग्लोबिन ११.२ आहे, डॉक्टर म्हणाले चांगलं आहे, त्यामुळे बी१२चा विषयच निघाला नाही.

परळची_भूलतज्ज्ञ

मुंग्यांचं तुमच्या डॉक्टरांना उद्याच्या उद्या सांगा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. बऱ्याचदा ती सूज किंवा मनगटाची, पायाची नस दबण्याचाच प्रकार असतो, गरोदरपणात ते होतं. पण तुमच्याकडे जुना १४८चा रिपोर्ट, दूध अंडं नाही आणि वर मेटफॉर्मिन, जे स्वतः बी१२ कमी करतं, तिन्ही एकत्र आलंय.

हिमोग्लोबिन चांगलं आहे यावर विसंबू नका. तुम्ही फॉलिक ॲसिड घेताय, सगळ्याच गरोदर बायका घेतात आणि घ्यायलाच हवं. पण फॉलिक ॲसिडमुळे बी१२च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो, रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. शिवाय गरोदरपणात रक्त पातळ होतं म्हणून बी१२चा आकडा थोडा खाली दिसतोच, त्यामुळे रिपोर्ट मधल्यामध्ये आला तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक ॲसिड या रक्ताच्या तपासण्या पण करायला सांगू शकतात, त्यात खरं काय ते कळतं.

कमी निघालं तर इंजेक्शनं सुरू होतील, तुमच्याकडे पाच सहा आठवडे आहेत, हा चांगला वेळ आहे. गॅस घ्यायचा की नाही हे त्यानंतर तुमचे डॉक्टर आणि तिथले भूलतज्ज्ञ ठरवतील. मी असते तर कमतरता भरून निघेपर्यंत आणि मुंग्यांचा उलगडा होईपर्यंत गॅस नको म्हटलं असतं आणि एपिड्युरलची तयारी आधीपासून केली असती. केस पेपरवर पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या.

ठाण्याचा_गॅसलाइनवाला

मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलमध्ये मेडिकल गॅसची पाइपलाइन आणि मॅनिफोल्ड (जिथे सिलिंडर लाइनला जोडतात ती जागा) बघतो, वीस वर्षं होत आली. ताईंनी निळा सिलिंडर लिहिलंय म्हणून लिहावंसं वाटलं. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदा, म्हणजे वरचा गोलसर भाग, पांढरा. नायट्रसचा पूर्ण निळा. एन्टोनॉक्सचा निळा पण खांद्यावर निळे पांढरे चौकोन पाडलेले. म्हणजे लेबर रूममध्ये निळा आहे तर खांदा नीट बघा, चौकोन नसतील आणि तो नुसता नायट्रस असेल तर शेजारी ऑक्सिजन आणि मध्ये ब्लेंडर असलाच पाहिजे. विचारायला लाजू नका, आम्हाला कोणी विचारलं तर आम्हाला आनंदच होतो.

पण रंगावर भरवसा ठेवून आम्ही काम करत नाही, रंग उडतो, नंतर मारलेला असतो. खरं कुलूप पिनांचं आहे. लहान सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर भोकं असतात आणि मशीनच्या जोखडावर पिना, ऑक्सिजनच्या २ आणि ५ नंबरवर, नायट्रसच्या ३ आणि ५वर, एन्टोनॉक्सची एकच मधली ७ नंबरची. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. बसत नाही म्हणून कोणी पिन ठोकून काढली किंवा दोन वॉशर टाकून बसवला की तिथे माणूस मरू शकतो, आणि पाइपलाइनचं काम करताना ऑक्सिजनच्या लाइनला नायट्रस जोडला जाऊन आपल्या देशात माणसं गेली आहेत. म्हणून माझा नियम, लाइनला हात लावला, वेल्डिंग केलं, भिंत फोडली, की प्रत्येक आउटलेटला ॲनालायझर लावून ऑक्सिजन मोजल्याशिवाय पेशंटला द्यायचं नाही, मग मोठे साहेब कितीही घाई करोत. एकदा मी रात्री अडीचपर्यंत एक ऑपरेशन थिएटर बंद ठेवलं होतं, शिव्या खाल्ल्या, पण ठेवलं.

नायट्रस सिलिंडरमध्ये लिक्विड असतो, त्यामुळे गेजचा काटा बराच वेळ जागचा हलत नाही आणि लिक्विड संपलं की धडकन खाली येतो. किती उरलाय ते बघायचं तर वजन करावं लागतं. आणि ३६.४ डिग्रीच्या वर त्याचं लिक्विड राहतच नाही, सगळा गॅस होतो आणि प्रेशर चढतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं याचा विचार करा. म्हणून आपल्यासारख्या गरम देशात सिलिंडर थंड देशापेक्षा कमी भरतात, ७५ऐवजी ६७ टक्क्यांच्या हिशोबाने. एन्टोनॉक्सचं उलटं, तो थंडीला घाबरतो, शून्याच्या खाली सहा डिग्रीच्या आसपास गेला की दोन गॅस वेगळे व्हायला लागतात. ते मुंबईत होणार नाही, तेवढी काळजी नको.

घाटकोपर_आर्यची_मम्मी

मध्येच विचारते, विषय जवळचाच आहे. मुलगा सहा वर्षांचा, दोन दाढा किडल्यात, एकीचं रूट कॅनल सांगितलंय. खुर्चीवर बसायलाच तयार नाही, मागच्या वेळी एवढा रडला की शेजारच्या दुकानातून लोक बघायला आले. आता दुसऱ्या क्लिनिकमध्ये लाफिंग गॅस देऊन करू म्हणतात. पूर्ण भूल नको असं मला वाटतं. हे बरं का?

लहान_मुलांची_डेंटिस्ट_दादर

मम्मी, मी मुलांचेच दात बघते. हो, घाबरणारं पण सांगितलेलं ऐकणारं मूल असेल तर हा चांगला मार्ग आहे. नाकावर छोटा मास्क असतो, आधी नुसता ऑक्सिजन, मग नायट्रस दहा दहा टक्क्यांनी वाढवत नेतो, बहुतेक मुलं ३० ते ५० टक्क्यांत सैल पडतात, पाय लोंबकळायला लागतात, गोष्ट सांगितली तर ऐकतात. ही मशीनं अशी बनवलेली असतात की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही. गॅसने भीती जाते, दाढ बधिर होत नाही, त्यामुळे हिरडीत इंजेक्शन तरीही द्यावं लागतं, फक्त ते त्याला फारसं जाणवत नाही. कोणी इंजेक्शनच नाही असं सांगत असेल तर नीट विचारा.

संपल्यावर पाच मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतातच, तो वेळ वाचवायचा नाही. कारण गॅस रक्तातून फुफ्फुसात भराभर परततो आणि तिथला ऑक्सिजन पातळ होतो. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला असावा, आणि उपचार करणारा आणि मुलाकडे लक्ष ठेवणारा अशी दोन माणसं खोलीत असावीत.

त्या दिवशी सर्दी असेल, नाक बंद असेल, कान दुखत असेल तर फोन करून पुढे ढकला. नाक बंद तर गॅस जाणार कुठून, आणि कानाच्या आत कोंडलेल्या हवेत हा गॅस शिरून दाब वाढवतो. पोटभर जेवून आणू नका, किती तास आधी काय द्यायचं ते ज्या क्लिनिकमध्ये करताय तिथूनच लिहून घ्या. आणि जो मुलगा मास्कच लावू देत नाही, हात झटकतो, त्याला हा गॅस जबरदस्तीने देता येत नाही, देऊही नये. तसं असेल तर चांगल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांकडून पूर्ण भूल देऊन सगळ्या दाढा एका बैठकीत करणं त्याच्यासाठी जास्त दयाळूपणाचं आहे, घाबरू नका त्याला.

बोरिवलीकर

माझ्या बाबांचं रेटिनाचं ऑपरेशन झालं तीन आठवड्यांपूर्वी, डोळ्यात गॅस भरलाय, हातात एक पट्टी बांधलीये काढू नका म्हणून. त्यांची दाढ ठणकतेय. डेंटिस्टकडे चाललोय उद्या. वरचं वाचून पोटात गोळा आला, याचा काही संबंध आहे का?

परळची_भूलतज्ज्ञ

आहे, फार मोठा संबंध आहे. पट्टी काढू नका आणि डेंटिस्टला दारातच दाखवा. नायट्रस नायट्रोजनपेक्षा रक्तात तीसपटीहून जास्त विरघळतो, त्यामुळे शरीरात कुठे बंद जागेत हवा किंवा गॅस कोंडलेला असेल तर आतली हवा बाहेर पडण्याआधी नायट्रस आत घुसतो आणि तो फुगा वाढतो. डोळ्यात वाढला तर दाब एवढा चढतो की नजर कायमची जाऊ शकते. कुठला गॅस घातलाय त्यावर तो किती दिवस राहतो ते ठरतं, एक प्रकार दोन तीन आठवड्यांत जिरतो, दुसरा दोन महिन्यांपर्यंतही राहतो. तोवर नायट्रस नाही, विमानप्रवास नाही. दाढेला साधं बधिर करायचं इंजेक्शन देऊन काम होईल, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठलेली असेल किंवा आतड्याला अडथळा असेल तर त्यांनाही याच कारणाने हा गॅस चालत नाही.

लेबररूम_सिस्टर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. बायांनो, श्वास सोडताना पण मास्क तोंडावरच ठेवा, बाजूला करून खोलीत सोडू नका. तुम्ही दोन तास असता, आम्ही बारा तास त्याच खोलीत, आणि आमच्यातल्या काही जणी स्वतः गरोदर असतात. सोडलेला गॅस ओढून बाहेर टाकायची सोय असायला हवी, एसी लावून दारं बंद करून बसलं तर तोच गॅस फिरत राहतो. इंग्लंडमध्ये २०२२ २३च्या सुमारास काही प्रसूतिगृहांनी हवा मोजली, गॅस मर्यादेबाहेर निघाला आणि तेवढ्यासाठी एन्टोनॉक्स काही काळ बंद ठेवला होता. आपल्याकडे मोजतो कोण? मला गॅसबद्दल राग नाही, त्याने बायांचे हाल कमी होतात हे रोज बघते, पण आमचाही विचार व्हावा.

मुलुंड_३४वा_आठवडा

अपडेट देते, दहा दिवसांनी. आता ३६वा लागला.

बी१२ १३६ आलं. होमोसिस्टीनपण केलं, ते वाढलेलं आहे. डॉक्टरांनी पाय तपासले, ट्यूनिंग फोर्क अंगठ्याला लावून विचारलं थरथर कळते का, डाव्या पायाला कमी कळत होती. त्या दिवसापासून एक दिवसाआड इंजेक्शन चालू आहे, चार झाली. मुंग्या अजून आहेत पण काल संध्याकाळी पहिल्यांदा जरा उशिरा आल्या असं वाटलं, की माझ्या मनाचे खेळ आहेत माहीत नाही.

हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञांना मुद्दाम भेटले. त्यांनी स्वतः केस पेपरवर नायट्रस नाही असं लिहिलं, सिझर करावं लागलं आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तरी नाही. म्हणाले आता आमच्याकडे नायट्रसशिवाय सगळं होतं, त्याच्याऐवजी ऑक्सिजन आणि हवा वापरतो, त्याने काही अडत नाही. एपिड्युरलसाठी कळा सुरू झाल्या झाल्या फोन करायचा, हॉस्पिटलला पोचायची वाट बघायची नाही, त्यांचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे.

लेबर रूममध्ये परत जाऊन सिलिंडरचा खांदा बघितला. निळे पांढरे चौकोन आहेत. सिस्टर म्हणाल्या आजपर्यंत कोणी असं बघायला आलं नव्हतं. मग मीच विचारलं की दाखल करून घेताना बी१२ विचारता का, त्या म्हणाल्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. मोठ्या मॅडमना भेटून सांगितलंय, बघू म्हणाल्या. माझ्यासोबत क्लासला येणाऱ्या आणखी तिघी त्याच हॉस्पिटलात आहेत, दोघी जैन, एक आमच्यासारखी. तिघींना हा धागा पाठवलाय, एकीने काल रक्त दिलं.

सासूबाईंना रोज वाचून दाखवते. त्यांनी स्वतःहून विचारलं, माझ्या पायात पण मुंग्या येतात गं, मी पण करू का ती टेस्ट?

परळची_भूलतज्ज्ञ

करा, सोमवारीच घेऊन जा त्यांना. रिपोर्ट आला की इथे लिहा.